शिकवण्याचा शीण आणि संत ऑगस्टिन

संत ऑगस्टिन यांचे नाव निघाले की आपल्या वाचकांना बहुधा त्यांचे 'कन्फेशन्स' आठवते, आणि त्यातही मोनिका मातेचे अश्रू. अधिक अभ्यासू वाचकाला 'देवाचे नगर' ठाऊक असते. परंतु या महापंडिताच्या विपुल ग्रंथसंभारात अवघ्या सत्तावीस छोट्या प्रकरणांची एक पुस्तिका आहे, जिच्याकडे सामान्य ख्रिस्ती वाचक सहसा वळत नाही. 'दे कातेकिझांदिस रुदिबुस' हे तिचे लॅटिन नाव; मराठीत 'नवख्यांचे धर्मशिक्षण' असे म्हणता येईल. सेमिनरीच्या अभ्यासक्रमात तिची ओळख होते ती आद्य ख्रिस्तसभेतील दीक्षापूर्व शिक्षणाचा एक पुरावा म्हणून. पाठ्यपुस्तकात दोन ओळी, परीक्षेत एक टीप, आणि पुढे विसर. हा अन्याय आहे असे मला वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली प्रकटीकरणाविषयीचा 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज प्रसृत केला. त्याच्या अगदी आरंभीच, ऐकण्यातून श्रद्धा, श्रद्धेतून आशा आणि आशेतून प्रीती असा जो क्रम सांगितला आहे, तो याच पुस्तिकेतून घेतलेला आहे. जिच्या चौथ्या प्रकरणापाशी विश्वपरिषदेलाही थांबावेसे वाटले, ती आपल्या घरांतल्या शिकवणाऱ्या माणसांनी का वाचू नये?

पुस्तिकेचा जन्म एका तक्रारीतून झाला. इ. स. 400 च्या सुमारास कार्थेज नगरात देओग्रातियास नावाचे एक उपधर्मगुरू होते. श्रद्धेची पहिली ओळख करून घेण्यासाठी येणारी माणसे त्यांच्याकडे आणली जात, कारण त्यांचे ज्ञान आणि वाणी दोन्ही चांगली आहेत असा लौकिक होता. पण या गृहस्थांची अवस्था अशी, की बोलता बोलता आपले बोलणे लांबत आहे, विझत चालले आहे, ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही आणि आपल्याला स्वतःलाच त्याचा वीट येत आहे, असे त्यांना जाणवे. सुरुवात कोठून करावी, कोठे थांबावे, शेवटी उपदेश करावा की नुसत्या आज्ञा सांगाव्यात, असे प्रश्न त्यांनी हिप्पोच्या महागुरूंना, म्हणजे ऑगस्टिन यांना, लिहून विचारले. उत्तर म्हणून आली ती ही पुस्तिका.

आता असा प्रश्न एखाद्या वरिष्ठाकडे गेला तर उत्तर काय येईल, याचा आपण अंदाज करू शकतो. तयारी वाढवा, प्रार्थना वाढवा, आपण निवडले गेलो आहोत हे विसरू नका. ऑगस्टिन यांचे पहिले वाक्य या वळणाचे नाही. माझे स्वतःचे बोलणे मलाही जवळजवळ कधीच आवडत नाही, असे ते सांगून टाकतात. मनात अर्थ विजेसारखा चमकतो आणि जातो. मागे राहतात त्याच्या स्मृतीतल्या पाऊलखुणा. आणि त्या खुणांवरून शब्द जुळवीत, रखडत, लांबच लांब वाटेने जिभेला जावे लागते. तोवर ती वीज केव्हाच लुप्त झालेली असते. म्हणून बोलणाऱ्याला आपले बोलणे नेहमीच तोकडे वाटणार. परंतु ऐकणाऱ्याला ते तितके तोकडे वाटत नाही. वाटले असते तर माणसे पुन्हा पुन्हा तुमच्याकडे कशाला आणली गेली असती, असा साधा व्यावहारिक दाखला देऊन ते देओग्रातियास यांची समजूत घालतात. शिकवणाऱ्याने स्वतःच्या नापसंतीला शिकणाऱ्याचे मत समजू नये, ही गोष्ट ज्याने एकदा तरी फळ्यापुढे उभे राहून तास घेतला आहे त्याला लगेच पटावी.

हे सांगणारा माणूस कोण होता हेही ध्यानात घ्यावे. पुढे धर्माध्यक्ष झालेला हा माणूस मूळचा पेशाने शिक्षक होता. तागास्ते, कार्थेज, रोम आणि मिलान या चार गावी त्यांनी शिकवले. मिलान येथे तर 384 ते 386 या काळात ते वक्तृत्वशास्त्राचे शासननियुक्त प्राध्यापक होते. कार्थेजचे विद्यार्थी दांडगट, म्हणून ते रोमला गेले. रोमचे विद्यार्थी शांत खरे, पण वेतन देण्याची वेळ आली की घोळक्याने दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जाणारे! लहानपणी शाळेत खाल्लेल्या छड्या ते उतारवयातही विसरले नव्हते. तेव्हा शिकवणे म्हणजे काय, याची त्यांची कल्पना पुस्तकी नव्हती. मिलानचे पद सोडताना शब्दांचा व्यापार सोडल्याची भावना त्यांच्या मनात होती. गंमत अशी की व्यापार सुटला तरी शब्द सुटले नाहीत. त्यानंतरची त्रेचाळीसेक वर्षे ते शिकवतच राहिले, फक्त ऐकणारे बदलले.

पुस्तिकेचा गाभा दहाव्या ते चौदाव्या प्रकरणांत आहे. शिकवणाऱ्याचा उत्साह का मावळतो याची सहा कारणे तेथे एकामागून एक तपासली आहेत. त्यांतली काही झटपट उरकता येतात: बोलण्यात चूक होईल ही भीती, हातातले दुसरे काम टाकून यावे लागल्याची चिडचिड, कोणाच्या तरी पतनामुळे किंवा स्वतःच्या पापामुळे मनावर आलेले मळभ. यांवरचे त्यांचे उपाय योग्य आहेत, पण अनपेक्षित नाहीत. कामांचा क्रम आपण लावावा, मात्र देवाने तो मोडला तर त्याचा क्रम आपला मानावा, हे कोणत्याही आध्यात्मिक पुस्तकात सापडेल.

खरी प्रतिभा दिसते ती तिसऱ्या कारणापाशी. तेच ते पुन्हा सांगण्याचा कंटाळा. आपल्या धर्मग्रामांत दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षिकांना, पहिल्या कम्युनियनच्या तयारीचा वर्ग वर्षानुवर्षे घेणाऱ्या भगिनींना, आणि रात्री अंथरुणावर बसून चौथ्या अपत्याला 'प्रभूची प्रार्थना' ओळीओळीने म्हणून दाखवणाऱ्या आईला विचारा, हा कंटाळा काय असतो. ऑगस्टिन या कंटाळ्याला पाप म्हणत नाहीत. ते एक दृश्य पुढे ठेवतात. आपल्या नगरातली सुंदर ठिकाणे आपण रोज पाहतो आणि काही न वाटता त्यांच्याजवळून निघून जातो. पण पूर्वी कधी न आलेला मित्र पाहुणा म्हणून आला आणि आपण त्याला ती ठिकाणे दाखवू लागलो, की त्याच्या नवलाईने आपलेही डोळे नवे होतात. आणि मैत्री जितकी दाट तितके हे नवेपण अधिक, कारण प्रीतीच्या बंधाने आपण एकमेकांत राहू लागतो. ऐकणारा जणू आपल्या तोंडून बोलतो आणि आपण त्याच्या कानांनी शिकतो.

मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही माणसाला हा अनुभव अपरिचित नाही. एरवी त्या भग्न चर्चच्या भिंतींकडे आपण पाहतो तरी का? या दाखल्याचे मर्म असे, की कंटाळ्यावरचा उपाय विषयात शोधायचा नाही. धडा तोच राहणार, प्रार्थना तीच राहणार. नवा आहे तो समोरचा माणूस. त्याच्यावर प्रीती नसेल तर उत्तम तयारी केलेला धडाही शिळा लागेल. येथे शिकवणे ही एक साधना बनते, आणि ती साधना चॅपेलमध्ये न घडता वर्गात, ओट्यावर, स्वयंपाकघरात घडते, कारण कंटाळाही तेथेच येतो. रोझरीच्या माळेत आपण तेच शब्द पन्नास वेळा म्हणतो आणि त्याला भक्ती म्हणतो. तोच धडा पन्नासाव्या वेळी सांगणाऱ्या शिक्षिकेच्या कष्टाला मात्र आपण नुसते काम म्हणतो.

यामागे ऑगस्टिन यांनी उभी केलेली ईशज्ञानाची बैठकही पाहण्यासारखी आहे. फिलिप्पैकरांस पत्रात संत पौल ज्या रिक्त होण्याविषयी लिहितात, देवाच्या स्वरूपात असूनही ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले असे जे सांगतात, ते सूत्र ऑगस्टिन थेट शिक्षकाला लावतात. उंचावरून खाली उतरणे हेच शिकवण्याचे स्वरूप होय. आणि लगेच ते पाळण्यापाशी येतात: तान्ह्याशी बोबडे बोलण्यात एरवी काय गोडी आहे? तरीही माणसे अशी संधी लाभावी म्हणून अपत्याची इच्छा धरतात. आईला स्वतः मोठे घास गिळण्यापेक्षा बाळासाठी लहान लहान तुकडे करण्यात जास्त सुख वाटते. पिसे ढिली सोडून, घोगऱ्या आवाजात पिलांना पंखांखाली बोलावणारी कोंबडीही येथे येते. चिऊचा घास, काऊचा घास करीत नातवाला जेवू घालणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे प्रकरण वाचून दाखवले, तर त्यांना ते मुळीच अवघड वाटणार नाही. वक्तृत्वशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने शिक्षणाचा आदर्श म्हणून व्यासपीठ न निवडता बाळाचे ताट निवडावे, याला मी या पुस्तिकेचे सर्वांत मोठे यश समजतो.

तेराव्या प्रकरणात आणखी एक लहानशी, पण आपल्याला चिमटा घेणारी गोष्ट आहे. ऐकणारा जांभया देऊ लागला, त्याचे लक्ष उडाले, तर काय करावे? काही चमत्कारिक किंवा हसू येईल असे प्रसन्न बोलावे, हा एक उपाय. दुसरा उपाय फार साधा आहे: त्याला बसायला द्यावे! त्या काळी आफ्रिकेतील मंदिरांत लोक उभे राहून ऐकत आणि धर्माध्यक्ष बसून बोलत. समुद्रापलीकडच्या काही ख्रिस्तसभांत लोकांनाही आसने देतात, ती पद्धत अधिक चांगली, असे ऑगस्टिन स्पष्ट लिहितात. आपण एका खेडुताला शिकवीत असताना तो दमून निघून गेला, ही आठवणही ते लपवीत नाहीत. आणि मग बेथानीची मरिया: प्रत्यक्ष प्रभू बोलत असताना ती त्याच्या चरणांशी बसून ऐकत होती, मग आपल्या बांधवांना आपल्यासमोर बसू न देणारे आपण कोण? शिक्षणशास्त्रावरच्या जाडजूड ग्रंथांत शिकणाऱ्याच्या पायांची आठवण किती वेळा येते?

मख्ख श्रोत्याविषयीचा त्यांचा सल्लाही असाच सूक्ष्म आहे. तो गप्प बसला आहे, पण का? भीतीने, भिडेने, न समजल्यामुळे, की तुच्छतेने? हे आधी विचारून घ्यावे, धीर द्यावा, समजले का ते पाहावे. एवढे करूनही काही उमटेना, तर त्याच्याशी देवाविषयी फार बोलण्यापेक्षा देवाशी त्याच्याविषयी अधिक बोलावे. शिकणाऱ्याचे नाव प्रार्थनेत घेणे हा शिकवण्याचाच भाग आहे, असे येथे सुचवले आहे. मुलगा ऐकत नाही म्हणून आवाज चढवणाऱ्या वडिलांना मी हेच प्रकरण वाचायला सांगेन.

येणाऱ्याच्या हेतूविषयीही ते अतिशय समंजस आहेत. कोणी श्रद्धेने येतो, कोणी कोणाला खूश करण्यासाठी किंवा काही नुकसान टाळण्यासाठी. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला खोटा ठरवून परत पाठवण्याचा मोह ते टाळतात. तो तोंडाने जो हेतू सांगतो तोच खरा मानून, त्याचीच प्रशंसा करीत आरंभ करावा, म्हणजे जे दिसावे असे त्याला वाटते ते होण्याची त्याला गोडी लागेल. लग्न जमवण्यासाठी प्रमाणपत्र हवे, शाळेच्या प्रवेशासाठी शिफारस हवी, म्हणून वर्षांनंतर चर्चच्या पायऱ्या चढणारी माणसे आपल्यालाही भेटतातच. हा परिच्छेद धर्मग्रामाच्या कार्यालयातील टेबलाच्या काचेखाली ठेवण्यासारखा आहे.

एवढी स्तुती केल्यावर दोषही सांगितला पाहिजे, आणि तो किरकोळ नाही. सोळाव्या प्रकरणापासून ऑगस्टिन नमुन्यादाखल एक संपूर्ण प्रवचन देतात. नगरात राहणारा एक साधा, अशिक्षित माणूस समोर आला आहे अशी कल्पना आहे. हे प्रवचन थेट पंचविसाव्या प्रकरणापर्यंत चालते: उत्पत्ती, जलप्रलय, अब्राहाम, मिसरमधून सुटका, बाबेलचा बंदिवास, ख्रिस्त, ख्रिस्तसभा, अखेरचा न्याय. रचना भव्य आहे. जगाचे सहा कालखंड पाडण्याची ती दृष्टी पुढे शतकानुशतके टिकली. पण या दहा प्रकरणांत तो माणूस आरंभीच्या एका उत्तरानंतर कोठे बोलतो? तो थकला का, त्याला समजले का, त्याला काही शंका आहे का, हे विचारायला ज्या लेखकाने नुकतेच शिकवले, तोच लेखक नमुना देताना श्रोत्याला विसरतो. ऐकणाऱ्याला बसायला आसन मिळाले असेल; बोलायला जागा मिळाली नाही. छापील नमुन्यात हे अपरिहार्य आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण याच लेखकाने सुमारे अकरा वर्षांपूर्वी, 389 साली, 'दे माजिस्त्रो' म्हणजे 'गुरू' हा संवाद लिहिला होता. त्यात त्यांचा स्वतःचा मुलगा आदेओदातुस वडिलांशी वाद घालतो, अडतो, मागे फिरतो, पुन्हा उत्तर देतो. सोळा वर्षांच्या त्या मुलाच्या तोंडी घातलेले विचार खरोखर त्याचेच होते, अशी ग्वाही ऑगस्टिन यांनी 'कन्फेशन्स'मध्ये दिली आहे. हा बुद्धिमान मुलगा पुढे अल्पवयातच वारला. शिकणाऱ्याचा आवाज पुस्तकात कसा आणायचा हे त्यांना नक्कीच येत होते. नमुन्याच्या प्रवचनात तो आला नाही, आणि पुढच्या पिढ्यांनी सूत्रांपेक्षा नमुन्याचेच अनुकरण अधिक केले. आपल्याकडची अनेक प्रवचने ऐकताना ही परंपरा चांगली टिकल्याचे जाणवते; मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

या बाबतीत आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेकडे एक वेगळा दाखला आहे, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोल येथे प्रथम छापले गेले. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपण समारंभांत हमखास म्हणतो. पण त्या महाकाव्याची चौकट सहसा कोणी न्याहाळीत नाही. ते काव्य सुरू होते ते एका ऐकणाऱ्याच्या मागणीमुळे. साष्टीत ख्रिस्ती शिकवण दिली जात असताना, आम्हांला आमच्या भाषेत असे एखादे पुराण असावे, असे श्रोता सुचवतो आणि पाद्री-गुरू कथा सांगायला घेतात. पुढेही मधूनमधून श्रोते शंका काढतात आणि गुरू थांबून उत्तर देतात. सोळाव्या-सतराव्या शतकातील गोव्याचे वातावरण पाहता श्रोत्यांना खरोखर किती मोकळेपणा होता, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारलाच पाहिजे. ज्या मागणीतून हे काव्य निघाले तिच्यामागे जुनी पुराणे हिरावली गेल्याची पोकळी होती. तरीही काव्याच्या घडणीत शिकणाऱ्याचा प्रश्न हे शिकवण्याचे मूळ मानले आहे, हे नाकारता येत नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि सुमारे चाळीस वर्षे येथे राहून 1619 साली वारले. परक्या भाषेतले बोबडे बोल आधी त्यांना स्वतःला बोलावे लागले होते. ऑगस्टिन यांची बाळाशी बोलणाऱ्या बापाची प्रतिमा येथे उलटी होते: येथे बोबडे बोलत गुरूच प्रथम शिष्य झाला.

हे सारे आज काढण्याचे कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली 'अंतिक्वुम मिनिस्तेरियुम' या पत्राद्वारे धर्मशिक्षकाच्या कार्याला ख्रिस्तसभेतील अधिकृत सेवापदाचे स्थान दिले. 2025 साली निवडले गेलेले पोप लिओ चौदावे तर ऑगस्टिन यांच्याच संघाचे सभासद आहेत. पद मिळाले, मान मिळाला, हे उत्तमच. पण रविवारच्या मिस्सानंतर बाकांवर चुळबुळ करणाऱ्या मुलांपुढे जी उभी राहते तिचा शीण पदाने जात नाही. आठवडाभर नोकरी, घर आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण सांभाळून ती आलेली असते. दोन-तीन वर्षांनी ती सोडून जाते, आणि आपण म्हणतो, आजकाल सेवाभाव उरला नाही. देओग्रातियास यांचाही सेवाभाव उरला नव्हता असे म्हणावे काय? त्यांनी तक्रार लिहिली, आणि ती वाचून एका कामात बुडालेल्या धर्माध्यक्षाने आठ-दहा ओळींच्या उपदेशावर त्यांची बोळवण केली नाही. दोन नमुन्यांसकट सत्तावीस प्रकरणे लिहून पाठवली. शिकवणाऱ्याचा थकवा इतक्या गांभीर्याने ऐकून घेणारे कोणी आपल्या धर्मग्रामांत आहे का, हा प्रश्न मी धर्मशिक्षकांना नव्हे, माझ्या धर्मगुरुबंधूंना विचारीत आहे.

पुस्तिकेची इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात. ज्यांना लॅटिन येते त्यांनी मूळच वाचावे. ऑगस्टिन यांची भाषा येथे 'देवाचे नगर'पेक्षा पुष्कळ सोपी आहे. जून महिन्यात धर्मशिक्षणाचे नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी शिक्षकांची जी बैठक होते, तीत वेळापत्रक आणि पुस्तकवाटप उरकल्यावर दहावे, बारावे आणि तेरावे अशी तीनच प्रकरणे मराठीत सांगून मोठ्याने वाचावीत, आणि मग ज्याला जे बोलायचे असेल ते बोलू द्यावे. लांब नमुना या वेळी बाजूला ठेवला तरी चालेल. घाईच्या वेळेसाठी म्हणून ऑगस्टिन यांनीच शेवटी एक छोटा नमुनाही जोडलेला आहे.